वीस मिनिटं हलायचं नाही : गामा कॅमेरा आणि त्याचे नवे डिटेक्टर

आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात स्कॅनसाठी येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, या मशीनमधून किती किरण येतात हो?"

मी म्हणतो, "एकही नाही."

मग ते माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांचंही बरोबर आहे. बाहेर दारावर पिवळ्या पाटीवर ते तीन पाकळ्यांचं चिन्ह लावलेलं असतं आणि आत हा डॉक्टर म्हणतो, मशीनमधून किरण येत नाहीत! पण ते खरंच येत नाहीत. ते तुमच्यातून येतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण बाहेरून सोडतात, ते शरीरातून आरपार जातात आणि पलीकडे त्यांची सावली टिपली जाते. आमच्याकडे सगळं उलट. आम्ही हाताच्या शिरेतून एक किरणोत्सर्गी औषध देतो. हाडांसाठीचं औषध हाडात जाऊन बसतं, हृदयासाठीचं हृदयाच्या स्नायूत. तिथून ते गामा किरण बाहेर टाकत राहतं आणि आमचं मशीन नुसतं बघत बसतं. म्हणून त्याला कॅमेरा म्हणतात. गामा कॅमेरा.

यानंतर दुसरा प्रश्न येतो, "किती वेळ लागेल?" तो लोक सहज विचारतात, गाडी पार्किंगला लावली आहे किंवा घरी जायला बस पकडायची आहे म्हणून. माझ्या मते मात्र दोघांपैकी हाच प्रश्न जास्त मोलाचा आहे. आजचा लेख त्याच्याविषयी आहे, आणि एका काकांविषयी, ज्यांनी तो प्रश्न मला विचारला होता आणि मी त्याचं उत्तर फार बेफिकिरीने दिलं होतं.

ही गोष्ट २०११ची. मी तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात होतो. काका एसटीचे निवृत्त चालक. प्रोस्टेटचा कर्करोग दोन वर्षांपूर्वी सापडलेला, उपचार चालू, आणि आता महिनाभर पाठ दुखत होती. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरतो, विशेषतः कण्यात. म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी बोन स्कॅनला पाठवलं होतं. सकाळी इंजेक्शन दिलं, तीन तास थांबायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दुपारी ते टेबलावर चढले तेव्हा काकूंनी मागून त्यांना कमरेला आधार दिलेला मी पाहिला होता. पाहिला होता, पण मनावर घेतला नाही.

"किती वेळ, डॉक्टरसाहेब?"

"वीस मिनिटं. फक्त हलायचं नाही."

"वीस मिनिटं?" काका हसले. "अहो, मी वीस-वीस तास गाडी चालवलीय. पण ती बसून. हे असं उताणं झोपणं काही जमत नाही बघा आता."

डोक्यापासून पायापर्यंतचा पहिला फोटो त्यांनी दात-ओठ खाऊन पूर्ण केला. तो सपाट फोटो असतो, भिंतीवर पडलेल्या सावलीसारखा. त्यात कण्याच्या खालच्या मध्यभागी, दहाव्या-अकराव्या मणक्याजवळ, किंचित उजळ ठिपका होता. अशा वेळी पुढची पायरी ठरलेली असते. कॅमेऱ्याचे डिटेक्टर त्या भागाभोवती फिरवून त्रिमितीय चित्र घ्यायचं. त्याला स्पेक्ट म्हणतात. त्यात ठिपका मणक्याच्या नेमक्या कुठल्या भागात आहे ते कळतं. मागच्या छोट्या सांध्यांत असेल तर बहुधा झीज. मणक्याच्या मुख्य भागातून मागे पेडिकलपर्यंत गेलेला असेल तर कर्करोगाचा संशय बळावतो. म्हणजे एका सेंटिमीटरच्या फरकावर माणसाचं पुढचं वर्ष ठरतं.

त्या स्कॅनला आणखी वीस मिनिटं लागणार होती, तीही हात डोक्यावर घेऊन. सहाव्या मिनिटाला काका हलले. पुन्हा सुरू केलं, चौथ्या मिनिटाला पुन्हा हलले. तिसऱ्यांदा तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. बाहेर पाच पेशंट थांबले होते. मी म्हणालो, "राहू दे."

काय झालं ते पुढे सांगतोच. आधी हे समजून घ्या की वीस मिनिटं लागतातच का. मोबाईलचा कॅमेरा क्षणात फोटो काढतो, मग आमच्या कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला काय धाड भरते?

प्रौढ माणसाच्या बोन स्कॅनसाठी आम्ही साधारण ७४० मेगाबेकरेल इतकं टेक्नेशियम-९९एम देतो. म्हणजे इंजेक्शनच्या क्षणी शरीरात दर सेकंदाला ७४ कोटी अणू फुटत असतात. आकडा प्रचंड वाटतो. पण दर सहा तासांनी तो निम्मा होतो, शिवाय बरंचसं औषध लघवीवाटे निघून जातं. तरीही कोट्यवधी किरण दर सेकंदाला बाहेर पडत असतात, सगळ्या दिशांना. अडचण इथेच आहे. गामा किरणांना भिंगाने वळवता येत नाही. मग कुठला किरण कुठून आला हे कळायचं कसं?

कागदाची पुंगळी करून तिच्यातून बघा. समोरचं तेवढंच दिसतं, आजूबाजूचं काही दिसत नाही. गामा कॅमेऱ्याच्या तोंडावर शिशाची जाड थाळी असते आणि तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोकं. सरळ येणारा किरण भोकातून आत जातो, तिरका येणारा शिशात जिरतो. या थाळीला कॉलिमेटर म्हणतात. चित्र स्वच्छ येतं, पण किंमत फार मोजावी लागते. साधारण दहा हजार किरणांतला एखादाच आत पोचतो, बाकीचे वाया. तुम्ही टेबलावर वीस मिनिटं झोपता ते या एकेक किरणाची वाट बघत.

आत पोचलेल्या किरणाचं काय होतं? तिथे सोडियम आयोडाइडचा मोठा सपाट स्फटिक असतो, किंचित थॅलियम मिसळलेला. रॉबर्ट हॉफस्टॅटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिलं की गामा किरण या स्फटिकावर आदळला की आत प्रकाशाची एक चिमुकली चमक होते. स्फटिकाच्या मागे फोटोमल्टिप्लायर नावाच्या काचेच्या नळ्या रांगेने बसवलेल्या असतात. त्या ही चमक पकडून तिची वीज करतात. जवळच्या नळीला चमक जास्त दिसते, लांबच्या नळीला कमी. त्यावरून ती नेमकी कुठे झाली याचं गणित मांडतात. ही कल्पना बर्कलीच्या हॅल अँगर यांची. १९५७ मधल्या त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्यात चार इंचांचा स्फटिक आणि सात नळ्या होत्या. आज स्फटिक मोठा झाला, नळ्या पन्नासच्या वर गेल्या, मागे संगणक आला. पण आजही आपल्याकडच्या बहुतेक विभागांत चालणारा कॅमेरा हा मुळात अँगर यांचाच कॅमेरा आहे. सत्तर वर्षं होत आली. वैद्यकशास्त्रात इतकी टिकलेली यंत्रं थोडीच.

या स्फटिकाचे लाडही फार. ओलावा लागला की तो पिवळा पडतो. खोलीचं तापमान झपाट्याने बदललं तर चक्क तडकतो. ज्या रुग्णालयाची गोष्ट सांगतोय तिथे भारनियमनाच्या दिवसांत सगळ्या वॉर्डांचे पंखे बंद असत, पण आमच्या खोलीचा एसी जनरेटरवर चालू. नातेवाईक चिडून म्हणत, डॉक्टरांना बरी थंड हवा लागते! आम्ही गप्प बसत असू. एसी आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता, पण हे भर दुपारी घामाघूम झालेल्या माणसाला सांगायचं कोणत्या तोंडाने?

आता मुख्य दुखणं. किरण शरीरातून बाहेर येताना वाटेत मांसाला, हाडाला धडकून दिशा बदलतो. तो कण्यातून निघालेला असतो, पण वळून असा येतो की कॅमेऱ्याला वाटतं, हा बरगडीतून आला. अशा वाट चुकलेल्या किरणांमुळे चित्रावर धुकं येतं. त्यांना ओळखायची एक खूण आहे. धडकल्यावर किरणाची ऊर्जा कमी होते. टेक्नेशियमचा गामा किरण निघतो १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. ४५ अंशांत वळला तर उरतो साधारण १३० चा. म्हणजे ऊर्जा नीट मोजता आली तर १३० वाल्याला दारातूनच परत पाठवता येईल.

पण जुना कॅमेरा ऊर्जा नीट मोजू शकत नाही. त्याची मोजणी दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होते. त्यामुळे आम्हाला दार बरंच उघडं ठेवावं लागतं. १२६ पासून १५४ पर्यंतचे सगळे आत या! तो ४५ अंशांत वळलेला लबाडही मग सभ्य मंडळींबरोबर आत येऊन बसतो. चूक मोजणाऱ्याची नाही, पद्धतीची आहे. एका गामा किरणापासून स्फटिकात प्रकाशाचे पाचेक हजार कण निर्माण होतात. ते चारी दिशांना जातात, काही वाटेत हरवतात आणि नळीत पोचून विजेत रूपांतर होईपर्यंत हजारेक उरतात. एवढ्याशा मोजदादीवरून ऊर्जेचा अंदाज बांधायचा. आकडा लहान असला की अंदाज डळमळतोच.

तुम्ही शेतकरी असाल तर हे तुम्हाला लगेच कळेल. माल शेतातून निघतो, अडत्याकडे जातो, तिथून व्यापाऱ्याकडे, आणि प्रत्येक हाताला थोडा थोडा गळतो. गामा किरणाचा प्रकाश, प्रकाशाची वीज, असा हा मधला व्यवहार काढून टाकता आला तर?

नव्या डिटेक्टरांनी केलंय ते हेच. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम या तीन मूलद्रव्यांचा एक स्फटिक आहे, सीझेडटी. हा अर्धवाहक आहे, तुमच्या मोबाईलमधल्या चिपसारख्याच जातीचा. त्यावर गामा किरण आदळला की चमक होत नाही. थेट विद्युतभार तयार होतो आणि वरखाली लावलेल्या विजेच्या दाबाने तो गोळा होतो. मधला दलाल नाहीसा. टेक्नेशियमच्या एका किरणापासून साधारण तीस हजार विद्युतभारांच्या जोड्या मिळतात. कुठे हजार आणि कुठे तीस हजार! त्यामुळे ऊर्जेच्या मोजणीतली चूक दहा टक्क्यांवरून पाच-सहा टक्क्यांवर येते. दार अरुंद करता येतं. वाट चुकलेले किरण बरेचसे बाहेरच राहतात.

अर्धवाहक डिटेक्टर म्हणजे काही काल लागलेला शोध नव्हे. जर्मेनियमचे डिटेक्टर याहून कितीतरी अचूक असतात, पण ते द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावे लागतात. आमच्या एसीची ही तऱ्हा, तर नायट्रोजनचं काय! सीझेडटीचं कौतुक हे की तो साध्या खोलीच्या तापमानाला काम करतो. शिवाय काचेच्या नळ्या गेल्यामुळे डिटेक्टर लहान आणि हलका झाला. जुन्या कॅमेऱ्याचं डोकं म्हणजे शिशाच्या पेटीत बसवलेलं मोठं धूड, ते छातीपासून चार बोटं दूरच राहणार. आणि कॉलिमेटर जितका दूर, तितकं चित्र पुसट. नव्या कॅमेऱ्यांत टेबलाभोवती बारा छोटे डिटेक्टर बारा हातांसारखे बसवलेले असतात. प्रत्येक हात पुढे येऊन अंगापासून अगदी थोड्या अंतरावर थांबतो आणि ज्या अवयवाकडे बघायचं तिकडे तोंड वळवतो.

सर्वांत आधी याचा फायदा हृदयाला मिळाला. २००९-१० च्या सुमारास फक्त हृदयासाठी बनवलेले सीझेडटी कॅमेरे वापरात येऊ लागले. हृदयाला रक्तपुरवठा नीट होतो का हे बघायच्या चाचणीत पूर्वी पंधरा-वीस मिनिटं हात डोक्यावर घेऊन पडून राहावं लागे. ते काम पाच मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर होऊ लागलं. एका प्रकारच्या कॅमेऱ्यात तर पेशंट झोपतच नाही. दाढी करायला बसतो तसा खुर्चीत रेलून बसतो. वेळ वाचवायचा नसेल तर तेवढ्याच वेळात औषधाची मात्रा निम्मी करता येते. हे कॅमेरे आले तेव्हाच योगायोगाने जगभर औषधाची टंचाई पडली होती. टेक्नेशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं ते मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होतं. २००९-१० मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची आणि नेदरलँड्समधली पेटनची अशा दोन मोठ्या भट्ट्या दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होत्या. कमी औषधात भागवणं म्हणजे काय हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आमचे तंत्रज्ञ मॉलिब्डेनमच्या डब्यातून रोज सकाळी टेक्नेशियम काढतात त्याला जगभर धार काढणं म्हणतात. त्या दिवसांत गाय आटली होती.

आता काकांकडे परत येतो.

मी रिपोर्ट लिहिला. "दहाव्या-अकराव्या मणक्याजवळ सौम्य वाढीव शोषण. झीज असण्याची शक्यता अधिक. आवश्यक वाटल्यास एमआरआय करावा." बघायला गेलं तर यात एकही शब्द खोटा नाही. वकिलाने वाचला असता तर मला काही झालं नसतं. पण स्पेक्ट का झालं नाही, पेशंट वेदनेमुळे झोपू शकला नाही, हे मी त्यात लिहिलं नव्हतं. "आवश्यक वाटल्यास" असं म्हणून काम मी दुसऱ्यावर ढकलून मोकळा झालो होतो. त्यांच्या डॉक्टरांनी "झीज" वाचलं आणि कमरेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या.

एकोणीस दिवसांनी काकांना रात्री स्ट्रेचरवरून आणलं. दोन्ही पाय जड झाले होते, लघवी तुंबली होती. अकराव्या मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. त्याच रात्री स्टेरॉइड सुरू केलं, सकाळी रेडिएशन. पायांत थोडी ताकद आली. वॉकर धरून ते घरातल्या घरात चालू लागले, पण अंगणाच्या तीन पायऱ्या त्यांना पुन्हा उतरता आल्या नाहीत. पुढे सव्वा वर्ष जगले. त्या काळात दोनदा स्कॅनला आले. मला कधीच काही बोलले नाहीत. एकदा फक्त कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "गाडी जुनी झालीय तुमची. ब्रेक लागेपर्यंत पुढचा माणूस जातो."

त्यानंतर एका दुपारी सगळे गेल्यावर मी स्वतः त्या टेबलावर झोपून पाहिलं. हात डोक्यावर, घड्याळ समोर. सातव्या मिनिटाला नाक खाजायला लागलं. अकराव्या मिनिटाला खांद्यात कळ आली. माझी पाठ तेव्हा ठणठणीत होती.

सध्या मी जिथे काम करतो तिथे नवा सीझेडटी कॅमेरा आहे, सोबत सीटीही. कण्याचं जे त्रिमितीय चित्र तेव्हा वीस मिनिटं घेई, ते बहुतेकदा निम्म्याहून कमी वेळात मिळतं. काका त्यावर झोपले असते तर? सहाव्या मिनिटाला हलले असते तरी बरंचसं चित्र हातात आलं असतं. पेडिकल दिसला असता. हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो आणि त्याने मला बरं वाटावं असा मोह होतो. दोष मशीनचा! पण त्याच जुन्या मशीनवर मी काकांना आधी वेदनाशामक इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने पुन्हा झोपवू शकलो असतो. आणि त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून, "यांचा एमआरआय उद्याच करा," एवढं तर नक्कीच सांगू शकलो असतो. फोटोमल्टिप्लायर नळीने मला फोन करण्यापासून अडवलं नव्हतं.

म्हणून नव्या तंत्राबद्दल लिहिताना मी थोडा सांभाळून लिहितो. सीझेडटी सगळ्यांसाठी नाही. थायरॉइडच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चा गामा किरण ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे दांडगा असतो. सीझेडटीच्या पातळ स्फटिकातून तो बऱ्याचदा न थांबता निघून जातो. तिथे जुना जाड सोडियम आयोडाइडच कामाचा. तेव्हा थायरॉइडच्या स्कॅनसाठी तुमच्या डॉक्टरांनी जुन्या कॅमेऱ्यावर पाठवलं तर नाराज होऊ नका. शिवाय सीझेडटीचे निर्दोष स्फटिक वाढवणं अजूनही अवघड आणि महाग आहे, आणि ती किंमत शेवटी कुणाच्या तरी बिलात जाते. स्वस्त पर्यायाचा शोध चालू आहेच. सौर पॅनेलच्या संशोधनात गाजलेल्या पेरोव्हस्काइट जातीचा एक स्फटिक, सिझियम-शिसं-ब्रोमाइड, गामा किरणही टिपतो हे अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मर्कुरी कनात्झिडिस यांच्या गटाने २०१३ मध्येच दाखवलं होतं. २०२५ मध्ये त्यांनी आणि चीनमधल्या सहकाऱ्यांनी त्यापासून चित्र घेणारा डिटेक्टर तयार करून दाखवला. रुग्णालयात यायला त्याला वेळ आहे.

पेट स्कॅनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हल्ली शहरांत "डिजिटल पेट" अशा पाट्या दिसतात आणि लोक त्याबद्दल विचारतात. पेटमध्ये शिशाची चाळण लागत नाही. तिथल्या औषधातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो आणि दोन गामा किरण पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना सुटतात. कड्याच्या दोन बाजूंच्या डिटेक्टरांवर ते एकाच वेळी आदळले की कळतं, जे घडलं ते या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडलं. कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे? एक किरण आधी पोचला तर जागा त्या बाजूला. पण प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. इतका बारीक फरक मोजणारं घड्याळ हवं.

"डिजिटल" म्हणजे मुख्यतः हे घड्याळ सुधारलं. काचेच्या नळ्यांच्या जागी सिलिकॉनचे चिमुकले डिटेक्टर आले, प्रत्येकात हजारो सूक्ष्म कप्पे, एकेक प्रकाशकण मोजणारे. आजच्या चांगल्या यंत्रांत वेळेची अचूकता २०० पिकोसेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे रेषेवरची जागा तीनेक सेंटिमीटरपर्यंत कळते. बाकीचं काम गणित करतं. स्थूल माणसांत याचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. २०२१ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ३२ पिकोसेकंद गाठले, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आत. एकीकडे घड्याळ सुधारतंय, दुसरीकडे कडं लांब होतंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सायमन चेरी आणि रॅमझी बदावी यांच्या पुढाकाराने बनलेल्या एक्सप्लोरर स्कॅनरचं कडं १९४ सेंटिमीटर लांब आहे, अख्खा माणूस एकदम मावतो. त्याची पहिली मानवी चित्रं २०१८ मध्ये आली. आपल्याकडे देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं.

तुम्ही काय करायचं? पाटीवर "डिजिटल" आहे की नाही यासाठी दोनशे किलोमीटर जाऊ नका. उपलब्ध असेल तर उत्तम. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी याहून साध्या आहेत. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. बोन स्कॅनला पाणी भरपूर प्या आणि टेबलावर चढण्याआधी लघवीला जाऊन या, मूत्राशयात साठलेलं औषध मागचं हाड झाकतं. आणि पाठ, खांदा, गुडघा, जे काही दुखत असेल ते सांगा. उगाच सहन करू नका. आमच्याकडे वेदनाशामक आहे, गुडघ्याखाली ठेवायला उशी आहे. हात वर जात नसतील तर वेगळ्या पद्धतीनेही स्कॅन घेता येतं. वेदनेमुळे स्कॅन अर्धवट राहिलं तर ते रिपोर्टात लिहिलंय का हे विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

काकांनंतर मी आमच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला. रुग्णालय बदललं तरी तो बरोबर आणला. सातव्या क्रमांकावर आहे, मधुमेह आणि आधीच्या ऑपरेशनांच्या मध्ये : "तुम्हाला वीस मिनिटं सपाट झोपता येतं का?" नवा कॅमेरा आल्यावर आमच्या तंत्रज्ञ मुलीने विचारलं, सर, आता "दहा" करू का? मी म्हटलं, वीसच राहू दे.

मागच्या आठवड्यात एका आजींनी त्या प्रश्नापुढे नातवाकडून लिहून घेतलं होतं, "झोपता येतं. उठता येत नाही." त्यांना उठवायला दोघं जण आधीच टेबलाशी उभे राहिलो.